भातुकलीच्या कोपऱ्यावर पाळत

बालवाडीत शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. घरी जाऊन पर्स झटकली की खडू पडतो, मणी पडतो, एखादा किस्साही पडतो. आमच्या डिंडोलीच्या बालवाडीत यंदा पडले ते सगळे संशयाचे.

झालं काय, आमच्या मुख्याध्यापिका, इथल्या गुजराती बोलण्यात मोठ्या बेन, ट्रेनिंगहून आल्या आणि म्हणाल्या, "बाहुली मुलींची, ट्रक मुलांचा, हे आजपासून बंद. ज्याला जे हवं ते." पोरं खूश. पालक मात्र आम्ही पोरांच्या दुधात काहीतरी कालवतोय अशा नजरेनं बघू लागले.

पहिली आली धुळ्याकडची एक आजी. नातू भातुकलीत पोळ्या लाटताना दिसला. "पोऱ्याले चूल्हाजोडे काब्र बसाडं?" पोराला चुलीपाशी का बसवलं, म्हणून ती दारातच ठाण मांडून बसली. मी घाबरले. नातवानं शांतपणे प्लास्टिकची ताटली तिच्यापुढे ठेवली. आजीनं खोटा घास घेतला, चावला, माझ्याकडे रागानं बघितलं आणि त्याला म्हणाली, "मीठ कमी शे."

मग कपाटाचा स्क्रू गेला. मोठ्या बेननी मुलग्यांना ओळीत उभं करून प्रत्येकाचा खिसा उलटा केला. समानतेवर भाषण देणाऱ्या याच बेन. स्क्रू सापडला वर्गातल्या गुड्डीच्या फ्रॉकमध्ये. "सैल होता, म्हणून काढून ठेवला," ती म्हणाली.

पण खरा घोर होता हर्षलचा. शाळा सुरू झाल्यापासून पोरगं वर्गात एक शब्द बोललेलं नव्हतं. भातुकलीच्या कोपऱ्यात जुनी साडी सापडली, तेव्हा कुठे ते ती खांद्यावर घेऊन पुटपुटायला लागलं. नेमकं त्याच्या पप्पांनी ते खिडकीतून बघितलं. तेव्हापासून खिडकीत रोज तोच चेहरा. मलाही धड शिकवता येईना. शेवटी ते म्हणाले, "मी मार्केटात साडीचा सेल्समन आहे, दिवसभर माणसं ओळखतो. तुम्ही माझ्या पोराला बाई बनवताय. उद्या नाव काढून नेतो."

मला रात्री जेवण गेलं नाही. आत्ता कुठे बोलायला लागलेलं पोर पुन्हा गप्प होणार, याचंच वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पप्पा वर्गात आले तेव्हा हर्षलच्या खांद्यावर तीच साडी होती. समोर गुड्डी मांडी घालून बसलेली. हर्षल खणखणीत आवाजात म्हणाला, "बैठो शेठ, नया माल आया है."

गुड्डीनं नाक मुरडलं. "पदर दाखवा."

हर्षलला पदर काही जमेना. साडी खाली घसरली.

पप्पांनी बॅग ठेवली, चप्पल काढली आणि पोराजवळ गेले. "असं नाही रे." साडी स्वतःच्या शर्टावरून घेतली, चटचट बसतील तेवढ्या निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर सोडला आणि गुड्डीपुढे एक गिरकी घेतली.

गुड्डी म्हणाली, "दुसरा कलर?"

पप्पा माझ्याकडे वळले. "बेन, उद्या जरा लांब साडी ठेवा. हिच्यात निऱ्या बसत नाहीत."