रातकिड्याचा उजवा पंख

रांगोळीत माझा हात धरणारं आमच्या गावात, न्हावऱ्यात, कुणी नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तेच नडलं.

शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून मी घरी बसले होते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामासाठी शब्द टाकला होता. एक तारखेला हजर व्हायचं होतं. तेवढ्यात कॉलेजातल्या मॅडमनी बोलावलं. त्या रातकिड्यांवर संशोधन करत होत्या आणि छापायला त्यांना अचूक चित्रं हवी होती.

"एक काढून दाखव. जमलं तर बाकीची सगळी तुझीच," त्या म्हणाल्या.

चित्रं काढायची अशी नोकरी असते हेच मला ठाऊक नव्हतं. आता मात्र ती इतकी हवीशी वाटली की घास गोड लागेना.

मायक्रोस्कोपमधून बघत मी किड्याची डावी बाजू काढली. सावलीसाठी बारीक पेनाचे ठिपके द्यायचे होते. ठिपक्यांत तर माझं बालपण गेलेलं. उजव्या बाजूकडे मी बघितलंच नाही. रांगोळीत अर्धं जमलं की उरलेलं हात आपोआप काढतो. डावी बाजू ट्रेसिंग पेपरवर उतरवली, तो उलटा करून तीच उजवीकडे गिरवली आणि दोन्ही पंख मधोमध भिडवले. चित्राची दृष्ट काढायचीच काय ती बाकी होती.

मॅडमनी ते निरखून पाहिलं. "सुंदर आहे गं. पण हा गाणार नाही."

त्यांनी मला पुन्हा मायक्रोस्कोपसमोर बसवलं. उजवा पंख डाव्यावर चढलेला होता. त्यांनी तो सुईनं अलगद उलटवला. खालच्या बाजूला एक जाड शीर, आणि तिच्यावर कंगव्यासारखे दात, एकाला एक लागून. डाव्या पंखाची कड त्यांवर घासते आणि तो आवाज होतो.

तो किर्र आवाज मी जन्मभर ऐकला, त्याला शिव्या घातल्या, आणि तो तोंडातून येतो असं खुशाल समजत राहिले. एवढ्याशा जिवाच्या पंखाखाली हे सगळं! मला चक्क रडू आलं.

"पुन्हा काढ. या वेळी दिसेल तेवढंच," मॅडम म्हणाल्या.

दुसरं चित्र त्यांनी ठेवून घेतलं आणि पुढचा किडा माझ्यासमोर सरकवला.

घरी मी चित्राची झेरॉक्स आप्पांसमोर धरली. "किडं काढून प्वाट भरतं व्हय?" ते म्हणाले. मी पंखाखालच्या दातांचं सांगितलं, उजवा पंख वर असतो तेही सांगितलं. दिवेलागणीला कांदाचाळीत किरकिर सुरू झाली, तेव्हा मोबाईलची बॅटरी लावून, झेरॉक्स घेऊन ते तिकडं गेले. बराच वेळ उकिडवे बसून होते.

परत आले तेव्हा गुडघ्यांना माती होती. "उजवाच वर हाय की गं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला.

"दादा, आमची पोरगी न्हाई यायची. तिला काम लागलंय."