तंबोऱ्याची दारू

शेजारी नव्या दाराला पॉलिश चाललंय. त्या स्पिरिटच्या वासानं मी थेट आमच्या गावी ब्राह्मणपुरीत, गोऱ्या साहेबाच्या राज्यात जाऊन पडलो.

भजनासाठी मी घडवलेल्या तंबोऱ्याला लाखेच्या रोगणाचा एक हात मारून झाला होता. लाख दारूत विरघळते, म्हणून दुसऱ्या हातासाठी धडगावच्या डोंगरातून गाडगंभर मोहाची मागवली. इतकी कडक, की वरून उडणारी माशी झोकांड्या खायची! तेवढ्यात आबकारीचा जमादार दारात. मोहाची सापडली की तुरुंग ठरलेला.

"गाडगं दे इकडे!"

"साहेब, हाई रोगण शे. मन्हा तंबोरा पेस, मी नई," पिणारा तंबोराच असं ठासून सांगत मी त्याच्या देखत सगळी दारू लाखेत ओतली.

"दारूच आहे ही!"

बायको चुलीपासून ओरडली, "मंग चाटी देखा ना, जमादारसाहेब!"

त्यानं खरंच बोट बुडवून चाटलं. अटक करतो म्हणायला गेला, तर ओठच उघडेनात. देवाशपथ!

तेव्हा आम्ही नुसते हसलो. आता वाटतं, डोंगरातल्या मोहाच्या फुलावरही हक्क सांगणाऱ्या सरकारचं तोंड आम्ही बंद केलं होतं. तो ओठ खरवडत उभा असताना मी चिंधी बुडवली आणि त्याच्या नाकासमोर तंबोऱ्याला दुसरा हात मारला.