इंदूताईंचा हट्ट आणि वसतिगृहाची चूल

इंदूताई पिलणकर यांची आणि माझी पहिली भेट माजी विद्यार्थी मेळाव्यात झाली आणि ती भेट म्हणजे सरळसरळ भांडण होतं. आपलं जुनं कॉलेज तेव्हा नुकतंच विद्यापीठ झालं होतं. मुलींच्या वसतिगृहासाठी आवारातली जागा द्यायला विद्यापीठ तयार होतं. बांधकामाचा निधी मात्र माजी विद्यार्थ्यांनी उभा करायचा होता. मी बँकेतून निवृत्त झालेलो, त्यामुळे खजिनदारपद कुणी न विचारताच माझ्या गळ्यात पडलं होतं. मी पडद्यावर इमारतीची चित्रं दाखवत होतो. खोल्या, अभ्यासिका, गच्चीवर सौरऊर्जा, सगळं कसं देखणं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "ह्यात चूल कुठं हाय?"

"भोजनगृह तळमजल्यावर आहे, बाई," मी म्हणालो.

"भोजनगृह दिसला मला. मी चूल विचारत्ये. पोरींनी घरनं सुकट आणली तर भाजायची कुठं?"

सभागृह हसलं. मीही हसलो. ताई हसल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्या थेट व्यासपीठावर आल्या आणि मोहिमेच्या स्वयंसेवकांत आपलं नाव घाला म्हणून मला सांगून गेल्या. विनंती वगैरे काही नव्हती. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून लाभलेली नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीनं हा लेख मागताना 'आदरभाव सांभाळून लिहावं' अशी सूचना मला केली. इतर लेखकांना तशी केलेली नाही, मी चौकशी केली आहे. तर आदर आहेच. इंदूताई मिरकरवाडा बंदरावरच्या. वडील दुसऱ्याच्या होडीवर जायचे, आई डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासे विकायची. अशा घरातून येऊन त्यांनी गणितात पदवी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत गणित शिकवलं. बंदरावरच्या निम्म्या माणसांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं आहे. याचा आदर कुणाला वाटणार नाही? पण ज्या बाईंनी जन्मभर गणित शिकवलं त्यांनी मोहिमेचं गणित इतक्या वेळा का बिघडवावं, हे मला आजही कळलेलं नाही.

जागा देताना विद्यापीठानं मुदत घातली होती. मुदतीत तळमजल्याचा स्लॅब भरून झाला नाही तर तिथं वाहनतळ होणार, असं स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही सगळे वणवण फिरत होतो. आणि तेव्हाच देव पावला. आपलेच एक माजी विद्यार्थी, मुंबईतले मोठे उद्योजक, सगळी इमारत एकट्यानं बांधून द्यायला तयार झाले. त्यांच्या आईचं नाव द्यायचं, एवढीच अपेक्षा. आणि एक छोटी अट: आई माळकरी होत्या, तेव्हा त्यांच्या नावाच्या वास्तूत मांसमच्छी शिजू नये.

अट ऐकून मी मनातल्या मनात पेढे वाटले. गृहस्थ सज्जन होते. त्यांच्या समक्षच आमची बैठक होकार द्यायला बसली होती, चहासुद्धा सांगून झाला होता. ताई म्हणाल्या, "तुमच्या आईचा नाव आम्ही डोक्यावर घेऊ. अट नको."

"ताई, मुलींनी बाहेर जाऊन खावं ना हवं ते!" मी अक्षरशः हात जोडले.

मग त्यांनी सुरेखाची हकिकत सांगितली. त्यांची एक विद्यार्थिनी, विज्ञान शाखेला होती, शहरात एका घरी खोली घेऊन राहायची. गावाहून येताना आईनं बांधून दिलेले सुके बोंबील तिच्या पिशवीत सापडले. घरमालकीण फार काही बोलली नाही, नाकाला पदर लावून उभी राहिली एवढंच. सुरेखा त्याच आठवड्यात घरी गेली ती परत आलीच नाही. तिचं शिक्षण तिथंच संपलं. "मी तिला आणायला गेल्ये होत्ये," ताई म्हणाल्या. "ती म्हणाली, बाई, मला स्वतःचाच वास यायला लागला."

उद्योजकांनी नम्रपणे नमस्कार केला आणि ते निघून गेले. चहा आला तेव्हा प्यायला कुणाचं मन नव्हतं. मला सुरेखाबद्दल वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण खजिनदार म्हणून मी त्या दिवशीही सांगितलं आणि आजही सांगतो, की चालून आलेली इमारत घालवणं हा शुद्ध अविचार होता. चुलीसाठी भांडलो आणि चूल मांडायला घरच उरलं नाही, तर त्या मुलींना काय मिळणार होतं? वाहनतळच ना?

ताईंचं उत्तर ठरलेलं. "बघू या. नारळी पुनव होऊं दे."

मुदत चालू, पाऊस चालू, आणि या बाई नारळी पौर्णिमेची वाट बघत होत्या! पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत बंदरावर दान मागायला जायचं नाही, असा ताईंचा नेम. "माणूस हात रिकामा असताना नाय म्हणतो, आणि मग जन्मभर त्याला त्या नायची लाज वाटत्ये," असं त्यांचं म्हणणं. त्या काळात आम्ही बाकीच्यांनी पुण्यामुंबईच्या माजी विद्यार्थ्यांना फोन करून करून घसे बसवले. निधी येत होता, पण नळाला पहाटे पाणी येतं तसा, करंगळीएवढ्या धारेनं.

पौर्णिमा झाली. नारळ समुद्राला गेला, होड्या पाण्यात उतरल्या, आणि ताई मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन उभ्या राहिल्या. होडीवरच्या मासळीचे वाटे पडतात हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, प्रत्येक खलाशाचा वाटा; आणि बऱ्याच होड्यांवर देवासाठीही थोडं बाजूला निघतं. ताईंनी पैसे मागितलेच नाहीत. त्यांनी वाटा मागितला. "फेरीतली एक टोपली पोरींच्या घराची," एवढंच त्या प्रत्येक नाखव्याला, म्हणजे होडीच्या धन्याला, सांगत गेल्या. आणि ज्यांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं ते होडीमालक मान खाली घालून हो म्हणत गेले.

मला कुणी विचारलंच नव्हतं. मला कळलं ते कुलसचिवांच्या फोनवरून. पहिल्या होडीच्या नाखव्यानं टोपली लिलावाला न लावता रिक्षात घालून सरळ विद्यापीठात पाठवली होती. मी धावत पोचलो तर प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर काठोकाठ बांगडे, भोवती आवारातल्या यच्चयावत मांजरी, आणि पहारेकरी काठी घेऊन टोपलीचं रक्षण करतोय. मी ताईंना फोन लावला.

"अहो, हे काय आहे?"

"बांगडे असतील. आता बांगड्याचे दिवस हायत ना."

"ते इथं कसे आले?"

"मी त्याला म्हटला विद्यापीठाला वाटा दे. त्यानं विद्यापीठाला आणून दिलान. त्याचा काय चुकला?"

बांगड्यांची पावती कशी फाडायची, हे बँकेतल्या सबंध नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी प्राध्यापकांनी पिशव्या आणल्या आणि बांगडे विकत घेतले. त्या दुपारी रसायनशास्त्र विभागाची बैठक लवकर आटोपली म्हणतात.

पुढं टोपल्यांचा लिलाव जेटीवरच करायचा ठरलं. तिथंही शांतता कुठली? मुंबईहून आलेले माजी विद्यार्थी उत्साहानं सगळ्याच मासळीवर चढाओढीनं बोली लावायला लागले. बाजारात विकायला मासे नेणाऱ्या बायका भडकल्या. त्यांच्यातल्या एकीनं माझीच गचांडी धरायची बाकी ठेवली. "तुमच्या दानापायी आमचा धंदा बुडवतांव काय? इतक्या भावानं आम्ही घेऊन विकायची कुणाला?" तिचं शंभर टक्के बरोबर होतं. ताई पाणी तुडवत आल्या, मुंबईकरांना त्यांनी शाळेतल्या पोरांसारखं एका बाजूला उभं केलं आणि नियम घालून दिला: आधी बायकांची खरेदी पुरी होणार, मग वसतिगृहाची टोपली निघणार, आणि पाहुण्यांनी फक्त त्याच टोपलीवर काय ती हौस भागवायची. त्या भडकलेल्या बाईनं जाताना आपल्या पाटीतली मूठभर कोळंबी आमच्या टोपलीत टाकली. वर मला म्हणाली, "ह्याची पावती नको, बाजूला हो."

त्या टोपलीची बातमी हर्णै बंदरापर्यंत पोचली. तिथल्या होड्यांनीही वाटा काढायला सुरुवात केली. मग मुंबईत, आखातात, जहाजांवर असलेल्या आपल्या मंडळींच्या कानावर हे गेलं आणि ज्यांनी माझा फोन उचलला नव्हता त्यांनी आपण होऊन फोन केले. स्लॅब मुदतीत भरून झाला. ज्या उद्योजकांना आम्ही गमावलं होतं त्यांनी अभ्यासिकेची सगळी कपाटं आणि पुस्तकं दिली, आईच्या नावानं, एकही अट न घालता. फोन त्यांनी ताईंना केला. मला नाही. ज्यानं त्यांच्यासाठी हात जोडले होते त्याला नाही!

ताईंच्या मायेचंही असंच. माझी पत्नी इस्पितळात होती तेव्हा त्या रोज पेज घेऊन यायच्या. पत्नीला भरवायच्या, तिचे केस विंचरायच्या, आणि पेजेचा डबा धुता धुता मला विचारायच्या, "त्या खिडक्यांचा काय झाला? गजांचा दर आणलास काय?" मी बायकोच्या काळजीत बुडालेला, आणि या बाई खिडक्यांचे गज विचारताहेत! मी चिडून उठायचो, सुताराला आणि लोहाराला फोन करायचो, भांडायचो, घासाघीस करायचो. पत्नी बरी झाल्यावर मला म्हणाली, तू बसून राहिला असतास तर वेडा झाला असतास, हे त्यांना दिसत होतं. असेल. पण मग तसं सांगावं की माणसानं.

आता गेल्या जूनमधली गोष्ट सांगतो. वसतिगृह सुरू झालं. मुली सामान घेऊन आल्या, बरोबर आईवडील. ताई खोल्याखोल्यांतून फिरत होत्या आणि मी त्यांच्या मागून, कारण जिना चढू नका असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं आणि त्या ऐकत नव्हत्या. एका खोलीत हर्णैची एक मुलगी पलंगाखाली काहीतरी सरकवत होती. ताईंनी विचारलं तेव्हा ती घाबरली. पत्र्याचा डबा होता, वर प्लास्टिकच्या पिशव्यांवर पिशव्या गुंडाळून सुतळीनं आवळलेला. आत सुका जवळा. आईनं सांगितलं होतं, लपवून ठेव, कुणाला वास येऊ देऊ नको.

ताई तिथंच पलंगावर बसल्या आणि त्या गाठी सोडायला लागल्या. गाठी घट्ट होत्या, मी पुढं झालो तर मला हातानंच मागं सारलं. सगळ्या पिशव्या निघाल्यावर त्यांनी डबा मुलीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खाली चूल हाय. जा, भाज. सगळ्यांना वाढ."

मुलगी गेली. थोड्या वेळानं खालून वास आला. सबंध इमारतभर जवळ्याचा खमंग वास पसरला, आणि ताई डोळे मिटून तो घेत बसल्या होत्या. मी हिशेबी माणूस आहे. मला असल्या प्रसंगी रडू येत नाही. तिथं आलं, आणि त्याचाही मला रागच आला.

पंचाहत्तरीनिमित्त ताईंना आता विश्रांती लाभावी, असं मी इथं लिहिणार होतो. पण परवा सकाळी त्यांच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाई एसटीनं हर्णैला गेल्या, दुसऱ्या मजल्याचा वाटा मागायला. गुडघ्यांचं हे असं, रक्तदाबाचं ते तसं, आणि या एसटीनं, उभ्यानं सुद्धा गेल्या असतील. तेव्हा विश्रांती राहू दे. इंदूताईंना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे आणि श्वास शेवटपर्यंत साथ देवोत, त्यांच्या मुलींची घरं मजल्यावर मजले चढत जावोत. आणि ताई, पुढच्या खेपेला निघण्याआधी एक फोन करा. मी कुरकुर करीन, पण गाडी काढीन.