खुराड्यातला खिळा

"शैला, ती उठत नाहीये... कोंबड्या अजून आतच आहेत."

थोरल्या दिरांचा, म्हणजे भाऊजींचा, सकाळी फोन आला तो असा. वहिनी गेल्या असं ते म्हणालेच नाहीत, आणि म्हणायची गरजही पडली नाही. लंडनमधल्या हॅरोच्या त्या घरात एक वेळ सूर्य उगवायचा राहिला असता, पण कोंबड्या आत आणि वहिनी अंथरुणात, असं कधी झालं नव्हतं. एजवेअरहून आम्ही निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा जाड थर होता. तो माझ्या नवऱ्यानं घाईघाईनं खरवडला. पोचलो तर भाऊजी जिन्याच्या पायरीवर पायजम्यातच बसलेले. वर जाऊन मी वहिनींचा हात हातात घेतला, तो केव्हाच गार झाला होता. मग खाली आले आणि काय मनात आलं कोण जाणे, कोणाशी काही न बोलता परसात जाऊन खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या, माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या. त्यांना मी चालणार नव्हते.

सुमनवहिनी माझ्या जाऊबाई. मी कोल्हापूरची, रविवारी मटण नसलं तर घरात कोणी आजारी आहे का असं विचारणाऱ्या घरातली. वहिनी माळकरी घरातल्या. लहानपणी गळ्यात तुळशीची माळ पडली ती लग्नात, बाळंतपणात, विमानात कधी उतरली नाही. अंडंसुद्धा वर्ज्य. आणि नोकरी कुठे केली, तर इथल्या शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी म्हणून! सगळी हयात इंग्रज पोरांना सॉसेज वाढली, चिमट्यानं, आणि घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वतःच्या पाण्याच्या भांड्याला हात लावला नाही. माळकरी म्हटलं की लोकांना शांत, सोशिक बाई डोळ्यांसमोर येते. ह्या तशा नव्हत्या. राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा स्टेशनबाहेर एकानं त्यांची पर्स ओढली, तर ह्यांनी त्याला छत्रीनं असा झोडपला की छत्रीच्या काड्या बाहेर आल्या. तो हात जोडत होता, लोक "ओके, लव्ह, दॅट्स इनफ" म्हणत होते, तरी ह्यांचा हात थांबेना. मी हा प्रसंग पुढे कितीतरी हळदीकुंकवांत रंगवून सांगितला. वहिनी मात्र तो विषय निघाला की उठून आत जायच्या. मला वाटायचं, लाजतात.

कोंबड्या त्यांनी पाळल्या नाहीत, त्यांच्या गळ्यात पडल्या. शेजारची पेगी म्हणजे आयर्लंडहून आलेली म्हातारी, एकटी, तोंडानं फटकळ, म्हणून वहिनींची जिवलग. ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा अँब्युलन्समध्ये चढवतानाच तिनं "कोंबड्यांकडे बघ" म्हणून सांगितलं. वहिनींना वाटलं आठवडाभराचं काम. पेगी हॉस्पिटलमधून थेट लेकीच्या गावच्या केअर होममध्ये गेली, आणि तिच्या लाकडी खुराड्यासकट कोंबड्या कुंपण ओलांडून इकडे आल्या. मग काय, अंड्याला न शिवणारी बाई रोज सकाळी हातमोजे घालून अंडी गोळा करायची आणि सगळ्या गल्लीत वाटायची. मधे बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या तेव्हा लोक अंडी घ्यायला कचरू लागले. वहिनी प्रत्येकाच्या दारात उभ्या राहून "माझ्या कोंबडीला साधी सर्दीही नाही" असं ठणकावून आल्या.

पण हौस वेगळी आणि इथला हिवाळा वेगळा. पाण्याचं भांडं सकाळी दगड झालेलं असायचं. वहिनींनी लग्नात मिळालेला लोखंडी बत्ता तो बर्फ फोडायला खुराड्यात नेऊन ठेवला. कडाक्याच्या थंडीत तुरे काळे पडतात, म्हणून एकेकीला मांडीवर दाबून धरून तुऱ्याला व्हॅसलिन चोळायचं. दिवस चार वाजता संपला की कोंबड्या आत कोंडायच्या, आणि कोंडल्या की त्या एकमेकींवर उठायच्या. गरीब दिसते ना कोंबडी? एकीच्या शेपटीजवळ रक्ताचा ठिपका दिसू दे, बाकीच्या तिला जिवंतपणी सोलतात. असली एक मी नंतरच्या एका हिवाळ्यात पाहिली आहे. पाठीचं कातडं गेलेलं, आणि तरी बिचारी उभी. वहिनी एकेकीला लाथेनं उडवत आत घुसल्या आणि तिला पदरात... पदर कुठला, भाऊजींच्या जुन्या कोटात गुंडाळून घेऊन आल्या. स्वयंपाकघरात बॉयलरपाशी खोक्यात ठेवली, हळद भरली, ती जगली. हरलेल्या जिवाच्या बाजूनं भांडणं हा त्यांचा स्वभावच होता.

कोल्हे त्या घरामागच्या रेल्वेच्या उतारावर राहतात. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्या धडधडत जातात, तरी त्यांना काही वाटत नाही. पहिल्या हिवाळ्यातच एका पहाटे त्यांनी जाळीखालून उकरून वाट केली. मी तेव्हा वहिनींकडे मुक्कामाला होते. सकाळी चहाआधीच त्यांची हाक आली आणि मी स्लिपरवर बाहेर धावले. रात्री बर्फ पडलं होतं आणि त्यावर सगळीकडे पिसं आणि रक्त. कोल्हा भुकेपुरतं मारत नाही, सापडेल तितकं मारतो. मुंडकी इकडे, धडं तिकडे. दोघीजणी मात्र मेल्या नव्हत्या. एकीचं पोट फाटून आतडी बाहेर आली होती, दुसरीचा पंख खांद्यापासून लोंबत होता, आणि दोघीही डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत होत्या. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"शैला, ह्यांना सोडव."

"मी?"

"मग कोण? तू खातेस ना?"

हा त्यांचा सरळ हिशोब होता. खाणाऱ्याला मारता येत असणार! मी आयुष्यात सुपरमार्केटच्या ट्रेमधलं चिकन सोडून कोंबडीला हात लावला नव्हता. मी बर्फात मटकन बसले आणि ओकले. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या, फोन घेऊन आल्या. पेगीला केअर होमवर फोन लावला आणि तो माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ती काय सांगते ते मला मोठ्यानं सांग." पेगीनं सांगितलं ते मी रडत रडत मराठीत सांगत गेले. कोंबडी पालथी जमिनीवर धर. मानेवर झाडूचा दांडा आडवा ठेव. दोन्ही बाजूंनी दांड्यावर पाय दे. तिचे पाय धरून वर ओढ. एकदाच, जोरात. "क्विक, लव्ह, क्विक," पेगी ओरडत होती, "हळू हातानं केलंस तर तिचे हाल होतील." वहिनींनी झाडू उचलला, मग थांबल्या. गळ्यातली माळ डोक्यावरून काढली आणि खुराड्याच्या दाराशी, आतल्या बाजूच्या खिळ्याला टांगली. कडाक असा आवाज दोनदा आला. दुसऱ्या वेळी मी कान झाकले होते तरी आला. खड्डा खणायला जमीन गोठलेली, म्हणून त्यांनी बत्त्यानं माती फोडून फोडून खणला. मग घरात जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, ओल्या केसांनी परत त्या थंडीत आल्या, खिळ्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि माळ गळ्यात घातली. 

माझा जीव जरा थाऱ्यावर आल्यावर मी त्यांना चिडवलं, "आमचे मामा मटण खायचं म्हटलं की माळ खुंटीला टांगायचे. तुम्ही तर त्यांच्या वरताण निघालात." मामांच्या ढोंगाला आमचं अख्खं घर हसायचं. वहिनी हसल्या नाहीत.

जाळी जमिनीत खोल पुरली, नव्या कोंबड्या आल्या. पुढच्या हिवाळ्यांत कधी एखादी दुखण्यानं झिजायची, कधी बाकीच्या एखादीला फाडायच्या. वाचण्यातली नसली की माळ खिळ्याला, झाडूचा दांडा, एकदाच, जोरात. मग आंघोळ, खिळ्यासमोर ते क्षणभर उभं राहणं, आणि माळ पुन्हा गळ्यात. मला ते आता सवयीचं झालं होतं. मी कडेला उभी राहून नुसतं तोंड फिरवायची.

गेल्या वर्षी इतकं बर्फ पडलं की लंडनच्या बस बंद झाल्या. त्याच दिवसांत मी पुन्हा हॅरोला अडकले होते. दुपारी अंधारून येत होतं, वहिनी कोंबड्यांना शिजवलेले ओट्स आणि गरम पाणी घेऊन गेल्या. उंबऱ्यात साचलेल्या बर्फामुळे त्या दिवशी खुराड्याचं दार नीट बसत नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. त्या आत शिरल्या, क्षणभर थबकल्या, आणि बाहेर यायचं सोडून त्यांनी दार आतून ओढून घेतलं. मग जो कालवा उठला! कोंबड्यांचा, भांड्यांचा, आणि त्यातून एक आवाज, लहान मूल किंचाळावं तसा, तो कोल्ह्याचा होता. मी धावले. दार आतून कडी लावलेलं. आत फटके पडत होते. तो आवाज बंद झाला तरी फटके पडत होते. मी दारावर मुठी आपटत "वहिनी, वहिनी" करत होते... शेवटी कडी निघाली. वहिनींच्या स्वेटरची बाही फाटलेली, मनगटाला दात लागलेले, हात कोपरापर्यंत लाल, आणि हातात तो बत्ता. त्यांच्या पायाशी जे होतं त्याला तोंड राहिलं नव्हतं. गळ्यातली माळ रक्तानं ओली झाली होती.

मी त्यांना नळाखाली धरलं, जखम धुतली. त्यांनी माळ उतरवली, मण्या मण्याला साबण लावून धुतली आणि परत जाऊन खिळ्याला टांगली. टिटॅनसचं इंजेक्शन झालं, आंघोळ झाली, जेवणं झाली. माळ काही गळ्यात येईना. मी म्हटलं, "वहिनी, आणू का?"

"नको," त्या म्हणाल्या. आणि मग, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून बोलल्या. "तो पहिल्याच फटक्यात मेला होता गं. मी नंतर मारत राहिले. मला बरं वाटत होतं."

मी म्हटलं, "तो कोल्हा होता, वहिनी. तुम्हाला चावला."

"तुला नाही कळायचं. आमचे वडील, अण्णा, माळकरी. रोज पहाटे हरिपाठ. आणि मला, माझ्या भावाला चामड्याच्या पट्ट्यानं मारायचे. कशावरूनही. मारताना त्यांचं तोंड कसं व्हायचं ते मला अजून दिसतं. त्यांना बरं वाटायचं, शैला. तो हात माझ्यात आहे, मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मी माळ जपली. एवढ्या कोंबड्या मारल्या ना, दर वेळी त्या खिळ्यापाशी उभी राहून स्वतःला विचारायची, बरं वाटलं का? नाही म्हणून उत्तर आलं की घालायची. आज उत्तर हो आलं."

त्या माउलीनं आयुष्यभर स्वतःवर असा पहारा ठेवला होता आणि मी तिच्या छत्रीच्या गोष्टीवर बायकांना हसवत होते. मी त्यांना मागून मिठी मारली. त्यांनी ओल्या हातानं माझा हात थोपटला, पण माळ घातली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही. कोंबड्यांचं सगळं पूर्वीसारखं करत राहिल्या. व्हॅसलिन, ओट्स, पाणी. फक्त बर्फ फोडायला दुसरं काहीतरी आणलं.

इथे माणूस गेलं की लगेच नेत नाहीत, मधे दिवस जातात. तेवढे दिवस घर नुसतं वाट बघत बसतं. फ्युनरल डिरेक्टरकडे, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याकडे, वहिनींना आंघोळ घालून साडी नेसवायला मी आणि त्यांची सून जाणार होतो. निघताना भाऊजी म्हणाले, "शैला, खुराड्यातली माळ घेऊन जा. घाल तिला."

मी चमकले. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझी बायको होती ती. गळ्यात नुसतं मंगळसूत्र दिसत होतं मला वर्षभर. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं... वाटलं, घालेल आपणहून."

मी त्यांना सगळं सांगितलं. अण्णांचा पट्टा, बत्ता, ते बरं वाटणं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. "मेल्यावर कसली शिक्षा?" ते इतक्या जोरात ओरडले की सून दारातून मागे सरकली. त्यांनी टेबलावरचा कप भिंतीवर फेकला. त्या शांत माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. "पापिणीसारखी पाठवू तिला? मोकळ्या गळ्यानं?"

मीही ओरडले. "तिनं स्वतः उतरवली आहे, भाऊजी. तिचा निकाल तिनं दिला. तो फिरवणारे तुम्ही-मी कोण?"

 मग भाऊजी खाली वाकून कपाचे तुकडे वेचायला लागले, आणि वेचता वेचताच रडले. म्हणाले, "राहू दे मग तिथंच." वहिनी मोकळ्या गळ्यानं गेल्या. मी केलं ते बरोबर की चूक, ह्याचा विचार आजही रोज एकदा येऊन जातो.

कोंबड्या भाऊजींनी कोणाला देऊ दिल्या नाहीत. मी जमेल तशी जाते. गेल्या आठवड्यात गेले तर खुराड्यात तोच जुना प्रकार. हळद लावून जगवलेली ती म्हातारी कोंबडी कोपऱ्यात, आणि बाकीच्या तिच्यावर. ह्या वेळी डोळा गेला होता, मान हाडापर्यंत उघडी पडली होती. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे, त्यांना पुढे येववेना. मी इकडेतिकडे बघितलं. मागे वळून "वहिनी" म्हणायची सोय नव्हती.

झाडू घेतला. मग हात आपोआप गळ्याशी गेला. मला कसली माळ! मंगळसूत्र होतं, ते काढलं आणि त्याच खिळ्याला, माळेच्या शेजारी अडकवलं. म्हातारीला पालथी धरली. क्विक, लव्ह, क्विक. कडाक आवाज आला, तिचे पाय माझ्या मुठीत थरथरले आणि थांबले. 

तिला पुरून, हातपाय धुऊन परत आले आणि खिळ्यासमोर उभी राहिले. विचारलं स्वतःला, बरं वाटलं का? नाही वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मी मंगळसूत्र खिळ्यावरून काढून गळ्यात घातलं. माळ तिथंच राहू दिली.