मागच्या रांगेतला माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या पहिल्या नाटकाला मागच्या रांगेतून खदखदून हसणारा तो अनोळखी प्रेक्षक मीच होतो.

काल एका छोट्या हॉलमध्ये नव्या मुलांचं नाटक पाहत होतो. विनोदाचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मागून कुणीतरी हसलं. वळून पाहिलं, तर त्यांच्याच बॅकस्टेजची, काळ्या कपड्यांतली एक मुलगी. मला पाहून ओशाळली. मी हळूच म्हटलं, "हस गं, हस."

आमच्याही प्रयोगाला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असत. आवाज नको म्हणून पंखे बंद, त्यामुळे घामेजलेली मंडळी विनोदाला ढिम्म. हॉलच्या मागे बसून मी दिवे सांभाळायचो आणि तिथूनच आवाज बदलून हसायचो. मग एखादे काका हसायचे, मग त्यांची बायको. आमच्या नायिकेला, सुधाला, झोतापलीकडचं काही दिसत नसे. प्रयोग संपला की ती विचारायची, "आला होता ना रे माझा माणूस? तुम्ही मेल्यांनो नुसते दिवे लावा, नाटक कळतं ते त्याला!" त्या माणसाच्या भरवशावर तिनं बँकेची नोकरी नाकारली.

फसवणूक म्हणायचं तर खुशाल म्हणा. मी नाही म्हणणार. रिकाम्या खुर्च्यांमध्ये कुणीतरी आधी हसावं लागतं, आणि तिचं काम हसू यावं इतकं चांगलं होतंच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हसेन, याहून मोठ्यानं.

पण सुधा अजून नाटक करते आणि अजून त्या माणसाची आठवण काढते. तिला खरं सांगणं, एवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.