हेल्गाबाईंच्या सुया

हेल्गाबाई माणसाचं नाव विचारायच्या आधी जीभ काढायला लावायच्या. नव्वद सालानंतरची गोष्ट. जर्मनीहून आलेल्या या डॉक्टरीणबाई गगनबावड्याकडच्या आमच्या मिशन दवाखान्यात तापाचा आणि कातडीच्या रोगांचा अभ्यास करायच्या. मधे चीनला जाऊन तिथलं वैद्यकही शिकून आल्या होत्या. मराठी मात्र रोग्यांकडून शिकल्या. "जीभ काढा की, पावणं!" असं एसटीच्या कंडक्टरलाही म्हणायच्या आणि वहीत त्याच्या जिभेचं चित्र काढायच्या. शेजारी बसायची मला लाज वाटायची.

मी तिथं स्वयंपाकीण. दुपारी बाई चिनी सुयांचा डबा घेऊन चुलीपाशी आल्या, की नर्सा पळायच्या. मी हात पुढं करून बसायची. सुईला काय भ्यायचं, असा माझा तोरा. एकदा मी दुसरीकडं बघत बोलत होते.

"दुखलं?" बाईंनी विचारलं.

"आदी टोचा तरी."

सुई माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर उभी होती.

बाईंनी तिथं कापूस फिरवला. एक फिकट चट्टा होता; मी तो तव्याचा डाग समजत होते. कापूस काही कळेना.

"मावशी, ह्यो कुष्ठरोग हाय."

"मग लावा तुमच्या सुया."

"सुईनं ह्यो जात न्हाय. सा म्हैनं गोळ्या खायच्या. बरा व्हतोय."

स्वयंपाकिणीला महारोग म्हटल्यावर तिच्या हातचं कोण जेवणार? गोळी गिळली म्हणजे रोग कबूल केला, असं मला वाटायचं. म्हणून ती जिभेखाली धरून मी राखेत थुंकायची. जिभा बघण्यात जन्म घालवलेल्या बाईला मी फसवायला निघाले होते.

"जीभ वर करा!" एक दिवस त्या ओरडल्या.

गोळी सापडल्यावर मी फणकारले, "उद्यापास्नं भाकऱ्या तुमीच थापा."

"थापते की. पन बोटं वाकडी झाल्यावर तुमी काय थापणार?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी खरंच थापल्या. कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. तिसऱ्या दिवशी मी परत आले. मग सहा महिने समोर उभं राहून रोज गोळी गिळायला लावली. कुणाला कळू दिलं नाही, पण माझं डोकं खाल्लं.

म्हातारपणी त्या मायदेशी गेल्या. मी शाहूपुरीत लेकाकडे आले, तर तिथंही त्यांची पत्रं. मी चौथी शिकलेली, अर्धा तास अक्षरं लावावी, तर आत एकच, "मावशी, बोटं कशी हायत?" बरी होऊन वर्षं लोटली होती. शेवटी वैतागून लिहिलं, "हे त्याच हातानं लिहिलंय. अक्षर बघा आणि विचारणं बंद करा."

त्यानंतर पत्र आलं नाही. चार महिन्यांनी दवाखान्यातून कळलं, बाई गेल्या. माझं ऐकलं ते एवढं एकदाच.