लाल चिंधी

टेंभुर्णीजवळ एका कंपनीच्या संकरित बियाण्याच्या कपाशीवर धुळाजी अठरा वर्षं मुकादम होता. मुकादम कसला, नुसता दरारा! बाया संध्याकाळी कळ्या सोलून ठेवायच्या आणि सकाळी त्यांवर दुसऱ्या वाणाचं फूल घासायच्या. सोललेल्या कळ्या सकाळी पानांत सापडेनात, म्हणून कडूबाईनं एकदा कळीला लाल चिंधी बांधली. धुळाजी सगळ्यांदेखत खेकसला, "इथं डोकं न्हाई, हात चालवायचा!"

१९९८ साली कंपनीनं पुण्याहून मेंदूचा एक जाणकार आणला. तो मुकादमांना म्हणाला, "भ्यालेल्या मेंदूला नवं सुचत नाही. रागावू नका, विचारा." धुळाजीला ते बराबर पटलं. वावरात येऊन त्यानं मऊ आवाजात विचारलं, "बायांनो, काम सोपं कसं व्हईल, सांगा की." बाया आणखीच भराभर हात चालवू लागल्या. तीन दिवस त्यानं विचारून पाहिलं. शेवटी बाया घरी गेल्यावर त्यानं स्वतःच एका कळीला लाल चिंधी बांधली.

सकाळी चिंधी नव्हती. कडूबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "कुणीतरी चिंधी बांधल्ती, मुकादम. तुमच्या नजरेला पडायच्या आधीच मी सोडून टाकली. आता कुणावर वरडू नका."